लाट जेथें फुटत नाहीं
(नभोवाणीवरील भाषण)

समुद्राच्या कांठीं जन्म काढलेल्या माणसास लाटांविषयीं कांहीं नवें शिकावयाचें असेल असें कोणास सहसा वाटत नाहीं. लाट येते, फुटते आणि परत जाते; यांत शिकण्यासारखें तें काय? आयुष्याचीं पहिलीं पस्तीस वर्षें मीहि असेंच समजत होतों. मी रत्नागिरीचा. प्राथमिक शाळेंत भूगोल आणि गणित शिकवून आतां निवृत्त झालों आहें. भरती-ओहोटीचीं कारणें फळ्यावर काढून दाखवितांना माझा हात कधीं अडखळला नाहीं. परंतु भरती-ओहोटी समजली म्हणजे समुद्र समजला असें नव्हे, हें मला पुढें माझ्याच एका विद्यार्थ्यापासून शिकावें लागलें. आणि तें शिकण्यापूर्वीं माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक मी आज प्रथम सांगणार आहें, कारण तीच चूक कोंकणच्या किनाऱ्यावर चांगलीं शहाणींसुरतीं माणसें अद्यापि करीत असतात.

ज्यांनीं रत्नागिरी पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडा भूगोल सांगतों. शहराच्या पश्चिमेस भगवतीच्या किल्ल्याचा डोंगर समुद्रांत शिरला आहे. त्याच्या उत्तरेस मिऱ्याचा डोंगर तसाच पुढें आलेला आहे. या दोन डोंगरांच्या मधें किनाऱ्याची जी कमान पडली आहे तो मिऱ्याचा उपसागर. किल्ल्याच्या कुशींत मिरकरवाड्याचें मासेमारी बंदर, मधल्या भागांत पांढरा समुद्र आणि पंधरामाड, व शेवटीं मिऱ्या गांव, असा हा क्रम आहे. किल्ल्याच्या दक्षिणेस मांडवीची पुळण लागते. तिला काळा समुद्र म्हणतात, कारण तेथील वाळूंत इल्मेनाइटासारखीं काळीं, जड खनिजें मिसळलेलीं आहेत. त्याच्याहि पलीकडे काजळी नदी भाट्याच्या खाडीनें समुद्रास मिळते. एवढें चित्र डोळ्यांपुढें असलें म्हणजे पुरे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. डिसेंबर महिना होता. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी सातवीच्या वर्गांतील बारा-तेरा मुलें घेऊन पांढऱ्या समुद्रावर गेलों. त्या काळीं तेथील पुळण आजच्यापेक्षां रुंद होती. ओहोटी लागली होती. कमरेएवढ्या लाटा उजवीकडे व डावीकडे सारख्या फुटत होत्या, आणि त्यांच्या फेंसानें किनारा पांढरा झाला होता. मधें मात्र वीस-पंचवीस हात रुंदीची एक पट्टी अशी होती कीं तेथें लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गढूळ होतें, पण शांत होतें. मीं त्या पट्टीकडे बोट दाखवून मुलांस सांगितलें, "लाटांत जाऊं नका. तेथें पाणी शांत आहे, तेथें उतरा."

पांच-सहा मुलें उतरलीं. पाणी त्यांच्या कमरेपर्यंतहि आलें नव्हतें. इतक्यांत त्यांतील एक, वर्गांतला सर्वांत चांगला पोहणारा, आंत आंत जाऊं लागला. प्रथम मला वाटलें कीं तो मजेनें पोहत आहे. मग दिसलें कीं त्याचें तोंड किनाऱ्याकडे आहे, हात वेगानें चालले आहेत, आणि तरीहि तो मागें मागें जात आहे. मी ओरडलों, "जोर लाव! इकडे ये!" ती माझी दुसरी चूक. वाळूवर जाळें सांधीत बसलेला एक म्हातारा खारवी धांवत आला. माझ्याकडे न पाहतां त्यानें दोन्ही हात तोंडाशीं धरले आणि हांक दिली, "अरे पोरा, झगडूं नको! पाण्याबरोबर जा! मग मिऱ्याच्या अंगाला वळ!" मुलानें तें ऐकलें, हें आमचें दैव. तो पाण्याबरोबर लाटांच्या पलीकडे गेला, तेथें थांबला, बाजूस वळला, आणि ज्या लाटांची मला भीति वाटत होती त्यांतीलच एका लाटेनें त्याला ढकलीत ढकलीत वाळूवर आणून टाकलें.

मुलगा वांचला. खारवी मला एवढेंच म्हणाला, "मास्तर, उगी पाणी दिसलं म्हणून पोरं घातलीत काय? ती तर दर्याची परतायची वाट." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ती वाट मीं स्वतः बोट दाखवून निवडली होती.

त्या दिवशीं एक मुलगा पाण्यांत उतरलाच नव्हता. त्याला पोहतां येत नव्हतें. म्हणून तो सर्वांचे सदरे सांभाळीत वाळूच्या उंचवट्यावर बसला होता. हाच मुलगा पुढें पोहावयास शिकला, नोकरीच्या निमित्तानें कर्नाटकांत मंगळूरजवळ मुल्की येथें राहिला, आणि तेथें फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याची जी कला आहे, जिला सर्फिंग म्हणतात, ती त्यानें आत्मसात् केली. कांहीं वर्षांपूर्वीं तो गांवीं परत आला तेव्हां त्याच्या काखेंत माणसाहून लांब अशी एक फळी होती. तो मला म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशीं पाण्यांत असलेल्या कोणालाच जें दिसलें नाहीं तें मला वाळूवरून दिसत होतें. आपल्या हातून निसटलेला एक सदरा त्या पट्टींतून सरळ बाहेर गेला. त्याच वाटेनें मग तोहि गेला. तेव्हांपासून मी समुद्र आधीं पाहतों, मग उतरतों." दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मला भगवतीच्या किल्ल्यावर घेऊन गेला. बुरुजावरून मिऱ्याचा सबंध उपसागर फळ्यावर काढलेल्या आकृतीसारखा खालीं पसरला होता. त्या सकाळीं मी विद्यार्थी झालों आणि तो गुरु झाला. आज जें सांगणार आहें तें बहुतांशीं त्याचें आहे. हिशेब मात्र माझा.

ही कला मूळची पॅसिफिक महासागरांतील बेटांची, त्यांतहि विशेषतः हवाई बेटांची. तेथील भाषेंत तिला 'हेए नालू' म्हणतात. लाटेवरून घसरणें असा त्याचा अर्थ. तेथील राजे व सामान्य जन दोघेहि लाकडी फळ्यांवर उभे राहून लाटा चालवीत. विसाव्या शतकांत ती जगापुढें आणण्याचें श्रेय मुख्यतः ड्यूक कहानामोकू या हवाईच्या पोहणाऱ्यास दिलें जातें. त्यानें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें आणि १९२० सालीं अँटवर्प येथें १०० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. त्याचें नांव मी पुढें पुन्हां एकदां घेणार आहें, म्हणून तें ध्यानांत असूं द्यावें.

आतां लाटेकडे वळूं. लाट म्हणजे पाण्याचा प्रवास नव्हे. भाताच्या शेतावरून वारा गेला म्हणजे रोपें जागच्या जागीं डोलतात, आणि डोलण्याची रेघ तेवढी पुढें सरकते. खोल समुद्रांत तसेंच होतें. पाणी जवळजवळ जागच्या जागीं गोल फिरतें. पुढें जातो तो आकार आणि त्याबरोबर वाऱ्यानें दिलेली शक्ति. आमच्या उपसागरांत ही शक्ति तीन दिशांहून येते. पहिली पावसाळ्यांतील. नैर्ऋत्येचा वारा जून ते सप्टेंबर ज्या लाटा उठवितो त्यांची ओळख कोंकणांत कोणास करून द्यावयास नको. दुसरी हिवाळ्यांतील. इराणच्या आखातावर वायव्येकडून 'शमाल' नांवाचा वारा सुटतो. त्याच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यास येतात. त्या आंखूड असतात. दोन लाटांमध्यें सहा ते आठ सेकंदांचें अंतर असतें. तिसरी शक्ति सर्वांत आश्चर्याची. दक्षिण गोलार्धांत चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यांत वर्षभर प्रचंड वादळी वारे वाहतात. तेथें उठलेल्या लांब लाटा विषुववृत्त ओलांडून आपल्या पुळणीवर येऊन फुटतात. येथें वाऱ्याची झुळूक नसावी, आकाश निरभ्र असावें, आणि तरी दर बारा-चौदा सेकंदांनीं एक जड लाट यावी, असें एप्रिल-मे महिन्यांत कित्येकदां होतें. ती लाट अशी परदेशची पाहुणी असते.

येथें माझें गणित उपयोगी पडलें. खोल समुद्रांतील लाटेची लांबी काढण्याची रीत सोपी आहे. एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचे सेकंद मोजावे, त्यांचा वर्ग करावा, आणि त्याची दीडपट किंवा किंचित् अधिक घ्यावी. म्हणजे लांबी मीटरांत येते. आठ सेकंदांची लाट असेल तर आठांचा वर्ग चौसष्ट. लांबी सुमारें १०० मीटर. चौदा सेकंदांची असेल तर चौदांचा वर्ग एकशें शहाण्णव. लांबी सुमारें ३०० मीटर. अशा लांब लाटांचा तांडा खोल पाण्यांतून ताशीं सुमारें ४० किलोमीटर वेगानें चालतो. दक्षिणेच्या त्या वादळी पट्ट्यापासून रत्नागिरी साडेसहा हजार किलोमीटरांवर धरली, तर त्यास येथें पोहोंचण्यास आठवडाभर लागतो. मागील रविवारीं तेथें झालेल्या वादळाचा जबाब आज पंधरामाडास मिळतो.

आपल्या लांबीच्या निम्म्याइतकी खोली उरली म्हणजे लाटेस तळ लागूं लागतो. तळ लागला कीं ती मंदावते. पुढची मंदावली आणि मागची वेगांत आहे, म्हणजे दोघींतील अंतर कमी होतें, आणि त्यांत सांठलेली शक्ति वर चढते. म्हणून किनाऱ्याजवळ लाट उंच होते. अखेरीस पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली, कीं तिचा माथा पायांच्या पुढें जातो आणि ती फुटते. तळ हळूहळू चढत असेल तर माथा फेंसाळत खालीं घरंगळतो. नवशिक्यास ही लाट बरी. तळ एकदम चढला असेल तर माथा पुढें झेंप घेऊन कोसळतो. ही लाट माणसास वाळूवर आपटते.

वरील वाक्यांतील एक गोष्ट पुन्हां सांगतों, कारण आजच्या भाषणाचें सर्व सार तींत आहे. लाट फुटते ती उथळ जागीं. म्हणजे फुटणारी लाट ही समुद्रानें स्वतःच टाकून दाखविलेली खोली मोजण्याची दोरी होय. कमरेएवढी लाट जेथें फुटते तेथें पाणी कमरेहून थोडेंच अधिक आहे. आणि शेजारच्या दोन्ही जागीं लाट फुटत असतां मधेंच एका पट्टींत ती फुटत नसेल, तर त्याचा अर्थ तेथें समुद्र शांत आहे असा नव्हे; तेथें पाणी खोल आहे असा आहे. मी ज्यास शांति समजलों तो एक चर होता.

लाट मंदावते तशी वळतेहि. शाळेच्या कवायतींत मुलांची रांग वळवावयाची असेल तर एका टोंकाचा मुलगा जागीं पाय आपटतो आणि दुसऱ्या टोंकाचीं मुलें झपाझप चालतात; रांग आपोआप वळते. लाटेची जी बाजू उथळ पाण्यांत आली ती मंदावते, खोल पाण्यांतली पुढें जाते, आणि सबंध लाट उथळाकडे वळते. यामुळें समुद्रांत घुसलेल्या डोंगरांच्या नाकांवर लाटांचा जोर दोन्ही बाजूंनीं एकवटतो आणि आंतल्या कमानींत तो पसरून विरळ होतो. बंदरें उपसागरांत कां वसतात आणि खडक नाकांवर कां उघडे पडतात, याचें उत्तर हेंच.

हें समजल्यावर माझ्या विद्यार्थ्यानें मला उपसागराची फेरी घडविली. किल्ल्याच्या पायथ्याशीं लाटा सरळ खडकांवर आदळतात. तेथें उतरण्याचें नांव काढूं नये. त्याच्या आडोशास मिरकरवाड्याचें बंदर. नैर्ऋत्येची लाट येथें डोंगरास व लाटरोधक धक्क्यास वळसा घालून येते, म्हणून थकून येते. शिवाय होड्यांची ये-जा असल्यामुळें पोहणाऱ्यानें तेथें जाऊंच नये. मधला भाग, पांढरा समुद्र व पंधरामाड, हा वाळूच्या दांड्यांचा आहे. हे दांडे पाण्याखालीं किनाऱ्यास समांतर पडलेले असतात, आणि ते कायमचे नसतात. एका पावसाळ्यानंतर दांडा एकीकडे, दुसऱ्या पावसाळ्यानंतर दुसरीकडे. "गुरुजी, येथें गेल्या वर्षाचें पाठांतर चालत नाहीं," असें तो म्हणाला, आणि जन्मभर पाठांतर करून घेणाऱ्या माझ्यासारख्यास तें चांगलेंच लागलें. आतां या भागांत समुद्राच्या माऱ्यापासून बचाव म्हणून दगडांचे बंधारे घातले आहेत. भर भरतीस पाणी त्या दगडांस लागलें कीं लाट त्यांवर आपटून उलटते, आणि बाहेर येऊं पाहणाऱ्यास पाय टेकण्यास वाळूच राहत नाहीं. तेव्हां बंधाऱ्यापुढें भरतीच्या वेळीं उतरूं नये.

सर्वांत उत्तरेचा, मिऱ्याच्या डोंगराखालचा भाग ऋतूप्रमाणें स्वभाव बदलतो. नैर्ऋत्येच्या लाटेस तो सताड उघडा आहे. वायव्येच्या लाटेस डोंगर आड येतो. म्हणून जी जागा डिसेंबरांत मुलांस खेळण्याजोगी, तीच मे अखेरीस जाणत्यासहि नको अशी होते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशीं एक तेलवाहू जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यास येऊन रुतलें. एवढें लोखंडी धूड ज्या लाटांपुढें टिकलें नाहीं, त्यांपुढें आपण पोहूं म्हणणें हें धैर्य नव्हे.

फळीस अनुकूल वेळ कोणती, असें मीं विचारलें. तो म्हणाला, हिवाळ्यांतील पहांट. त्या वेळीं मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचें तोंड धरून ठेवतो. ती गुळगुळीत राहते आणि एका अंगानें क्रमाक्रमानें फुटत जाते. दुपारीं समुद्रावरून वारा सुटला कीं सगळें पाणी चाळवलें जातें आणि कोठें दांडा, कोठें चर, हें ओळखणें कठीण होतें. दुर्दैव असें कीं बाहेरगांवचीं माणसें पाण्यांत उतरतात तीं बहुधा याच दुपारच्या वेळीं.

एके दिवशीं आम्ही किल्ला ओलांडून भाट्याच्या खाडीच्या तोंडाशीं गेलों. नदीनें आणलेला व समुद्रानें परत लोटलेला गाळ तेथें सांचून दांडा झाला आहे. ओहोटीचें पाणी खाडींतून जोरानें बाहेर निघतें आणि समोरून लाट आंत येते. दोघांची गांठ पडली कीं लाट आंखूड व उभी होते आणि होडीस उलटविते. राजिवड्याचे मच्छीमार म्हणूनच पाणी चढण्याची वाट पाहत थांबतात. येथें मला तो ड्यूक कहानामोकूची हकीकत सांगता झाला. १९२५ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशीं 'थेल्मा' नांवाची नौका अशाच लाटांत उलटली. सतरा माणसें पाण्यांत पडलीं. कहानामोकू आपली फळी घेऊन पुनःपुन्हां आंत गेला आणि एकट्यानें आठ जणांस बाहेर काढलें. लाटांचा खेळ खेळणाऱ्यास लाटांच्या वाटा ठाऊक असतात, आणि खेळांत मिळविलेलें तें ज्ञान असें कामास येतें. मला तोंवर हा खेळ म्हणजे सुखवस्तूंचा छंद वाटत होता. तें मत मीं तेथेंच सोडून दिलें.

आतां त्या शांत पट्टीचा उलगडा पुरा करूं. दांड्यावर फुटलेली प्रत्येक लाट थोडें पाणी किनाऱ्याकडे लोटते. हें पाणी दांडा आणि किनारा यांच्यामध्यें सांचतें. त्यास परत जाणें भाग असतें. परंतु समोरून लाटा येत असतात. म्हणून तें किनाऱ्याच्या कडेनें सरकत दांड्यांतील खिंड शोधतें आणि तींतून एकवटून बाहेर पडतें. घराच्या अंगणांत सांचलेलें पावसाचें पाणी कुंपणाच्या एका भोंकांतून कसें धांवतें, तें आपण पाहिलेंच आहे. या परतीच्या ओढीचा वेग बहुधा सेकंदास अर्धा ते एक मीटर असतो; क्वचित् दोन मीटरांच्याहि वर जातो. शंभर मीटरांचा ऑलिंपिक विजेता सेकंदास जेमतेम दोन मीटरांच्या थोडें वर पोहतो, आणि तोहि पाऊण मिनिटापुरता. मग सातवीच्या मुलाचा काय पाड? ओहोटींत दांडे वर येतात, पाण्यास वाट अरुंद उरते, आणि ओढ वाढते. मी मुलांस नेमका ओहोटींतच घेऊन गेलों होतों.

भरतीची वेळ काढण्याची आपली जुनी रीत येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तिथीची पाऊणपट करावी. षष्ठी असेल तर सहांची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, व तेथून सहा तास पाणी उतरत जाणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे चढ-उतार मोठा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान.

ही ओढ ओळखावयाची कशी? उंच जागेवर उभें राहून पाहावें. दोन्ही बाजूंस फेंस असून मधें काळपट किंवा गढूळ, न फुटणारी पट्टी दिसेल. तींतील फेंस, गवत, नारळाचें सोडण समुद्राकडे चाललेलें दिसेल. पट्टीच्या पृष्ठभागावर बारीक खळबळ दिसेल. आणि हें सर्व पाव तास तरी पाहावें. कारण मोठ्या लाटा एकसारख्या येत नाहींत, त्यांचे घोळके येतात. दोन घोळक्यांच्या मधल्या दहा मिनिटांत समुद्र गरीब दिसतो, आणि नेमकें त्याच वेळीं माणूस "आज कांहीं नाहीं" असें म्हणून उतरतो.

आणि एखादा सांपडलाच, तर? पहिली गोष्ट, ही ओढ माणसास खालीं खेंचीत नाहीं, बाहेर नेते. माणूस बुडतो तो बहुधा तिच्याशीं झगडून दमल्यामुळें आणि घाबरल्यामुळें. म्हणून किनाऱ्याकडे सरळ पोहूं नये. पाठीवर पडून तरंगावें, श्वास संभाळावा, एक हात वर करून मदत मागावी. लाटांच्या पलीकडे गेल्यावर ओढ सैल पडते. अंगांत शक्ति असेल तर किनाऱ्यास समांतर, बाजूस पोहावें, आणि जेथें लाटा फुटत आहेत तेथून त्यांच्याबरोबर बाहेर यावें. कांठावरच्या माणसानें मागोमाग उडी घालूं नये. एकाचे दोन होतात. रिकामी घागर, फुगविलेली रबरी ट्यूब, झांकण लावलेला डबा, जें तरंगेल तें फेंकावें आणि होडीवाल्यास हांक मारावी. आणि ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें गुडघाभर पाण्याच्या पुढें जाऊंच नये.

माझा विद्यार्थी मात्र त्याच ओढीचा उपयोग करतो. फळीवर पालथें पडून तो त्या न फुटणाऱ्या पट्टींत शिरतो. समुद्र त्याला फुकट बाहेर नेऊन पोहोंचवितो. तेथून तो बाजूस वळतो, फुटणाऱ्या लाटेवर बसतो आणि परत येतो. जी वाट माझ्या अज्ञानानें एका मुलाचा जीव घेणार होती, तीच ह्याच्या ज्ञानानें रोजचा रस्ता झाली आहे. म्हाताऱ्या खारव्यानें तीस वर्षांपूर्वीं एका हांकेंत जें सांगितलें होतें, तेंच हा फळीवरून करून दाखवितो. आणि आम्ही शिकलेले लोक या दोघांच्या मधें उभे राहून मुलांस भलत्या जागीं बोट दाखवितों.

हैदराबाद येथील महासागर माहिती केंद्र उंच लाटांच्या सूचना आतां आधीं प्रसिद्ध करतें. त्या पाहाव्या. पावसाळ्यांत, ज्या जून-जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारीहि बंद ठेवितात, त्या दिवसांत पाण्यांत उतरूं नये. पण या सगळ्याच्या आधीं दुसरें एक काम आहे, आणि तें मी माझ्या व्यवसायबंधूंस सांगतों. सहल समुद्रावर नेली म्हणजे मुलांस प्रथम वाळूवर बसवा. पाव तास एकहि मूल उठूं देऊं नका. लाट कोठें फुटते, कोठें फुटत नाहीं, हें त्यांच्याकडून वहींत काढून घ्या. मग गांवच्या एखाद्या मच्छीमारास ती वही दाखवा आणि तो म्हणेल तेथें, तो म्हणेल तेवढेंच उतरा. तो "आज नको" म्हणाला, तर भेळ खाऊन घरीं या. सहल फुकट गेली असें समजूं नका.

तो वांचलेला मुलगा आतां मुंबईस असतो. गेल्या दिवाळींत आपल्या मुलीस घेऊन तो माझ्याकडे आला होता. मीं त्याला म्हटलें, "त्या दिवशींची जागा मीं दाखविली होती, हें तुला ठाऊक आहे ना?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, मला फक्त त्या म्हाताऱ्याची हांक आठवते." मग आम्ही तिघे पांढऱ्या समुद्रावर गेलों, वाळूवर बसलों, आणि त्याच्या मुलीनें माझ्या सांगण्यावरून वहींत उपसागर काढला. मधली न फुटणारी पट्टी तिनें काळ्या पेन्सिलीनें भरली आणि वर लिहिलें, "येथें नाहीं."